उजव्या ओलांड्याचा कौल

आमच्या दुष्काळी माण तालुक्यात द्राक्ष हे आजारी माणसाचं फळ होतं. कुणाला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं की भेटायला जाणारा स्टँडवरनं द्राक्षं घेऊन जायचा, आजाऱ्याच्या तोंडाला चव नसायची, आणि उरलेली द्राक्षं पिशवीत चेंगरत एसटीनं म्हसवडला परत यायची. मग आम्हा पोरांना एकेक मणी मिळायचा. मी तो चावायची नाही, गालात धरून ठेवायची. शेरडं घेऊन माळाला गेले तरी मणी आपला गालातच. त्यामुळं माझं लग्न तासगावकडच्या बागायतदाराच्या घरात ठरलं तेव्हा चुलती म्हणाली, पोरगी आता बारा महिने आजाऱ्यासारखी खाणार. सगळं घर हसलं, मीही हसले. नुकतं अठरावं सरलेलं, शाळा सातवीत सुटलेली, आणि अंगावर नवी साडी. हसायला तेवढं पुरतं.

आमचे हे फौजेत. लग्नाची सुट्टी संपली तशी मिरजेहून गाडी धरून गेले, आणि मी राहिले सासूसासऱ्यांपाशी. सासूला आत्ती म्हणायचं, सासऱ्यांना मामा. घर बागेला लागूनच, पुढं पत्र्याची पडवी, मागं विहीर. लग्नाच्या मांडवातनं उठले ती द्राक्षाच्या मांडवातच जाऊन बसले म्हणा ना. बागेत वर तारांवर वेल पसरलेली, खाली सावली, आणि त्या सावलीत वाकून चालणारी माणसं. तांबडं फुटलं की फवारणीचं इंजिन धडधडायला लागायचं. मोरचूद आणि चुन्याच्या औषधानं मामांचे हात कोपरापर्यंत निळे दिसायचे, भाकरी मोडतानासुद्धा निळे. घड दाट झाले की बायका कात्री घेऊन विरळणीला यायच्या. खाली पडलेले कच्चे, आंबट मणी आत्ती धुऊन, मिरची-लसणीबरोबर खरबरीत वाटायच्या आणि शाळूच्या भाकरीवर घालून द्यायच्या. मी हुलग्याच्या माडग्यावर वाढलेली. त्या चटणीनं माझे दात आंबायचे आणि तरी मी पुन्हा मागायची. आत्ती दोन्ही वेळा वाढायच्या आणि दोन्ही वेळा कुरकुरायच्या.

पहिल्याच वर्षीची फजिती सांगते. थंडी सरत आली होती. मी पडवीत भांडी घासत होते आणि बागेतनं मामा ओरडत आले, पाणी उतरलं, पाणी उतरलं. आमच्याकडं पाणी उतरलं म्हणजे विहिरीचं उतरलं, म्हणजे आता उन्हाळाभर डोक्यावर हंडा. मी घासायची भांडी टाकली, घरातली होती नव्हती ती घागर-कळशी उचलली आणि विहिरीवर धावले. भरून भरून ओळीनं पडवीत मांडली. अगदी आत्तींचं पिठाचं डबडंसुद्धा रिकामं करून भरलं. मामा बागेतला घड हातात धरून तसेच उभे, त्यांना कळेना ही पोरगी काय करतीय. मग आत्तींच्या ध्यानात आलं. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसल्या. द्राक्षवाल्यांच्या भाषेत पाणी उतरतं ते मण्यात. इतके दिवस मणी गोटीसारखा टणक, हिरवागार, दातानं फोडला तर नुसता आंबट. मग कसं कुणास ठाऊक, एका सकाळी तो बोटात दबतो, उजेडाकडं धरला तर आतलं दिसतं, साल तुकतुकीत होते. तिथनं पुढं गोडी भरत जाते. ते पाणी एकदा उतरलं की बागायतदाराचा अर्धा जीव खाली बसतो. त्या दिवशी आत्तींनी मला मणी हातात देऊन शिकवलं, असा दाबायचा, नख लावायचं न्हाई. ते बोटांचं शिक्षण माझ्या फार कामाला आलं.

आमच्या घराची एक रीत होती. बागेतला पहिला पिकलेला घड देवापुढं ठेवायचा, त्याआधी कुणी पिकला मणी तोंडात घालायचा नाही, मामांनीसुद्धा नाही. घड काढायचा मान आत्तींचा. बाकीची बाग अजून आंबट असताना आत्ती सरळ विहिरीकडच्या ओळीतल्या एका वेलीपाशी जायच्या, हात लांब करून पुढचा घड काढायच्या, आणि तो गोड असायचा. वेल त्यांच्या पायाखालची होती. दुसऱ्या वर्षी आत्तींचं कंबरडं धरलं होतं, म्हणून मला पाठवलं. मी त्या वेलीखाली उभी राहिले. द्राक्षाच्या वेलीचं कसं असतं, बुंधा वर तारेपर्यंत येतो आणि तिथनं दोन बाजूंना दोन हात पसरतो. त्या हातांना ओलांडे म्हणतात. मी आधी डावीकडचा घड दाबला. टणक. उजवीकडचा दाबला, तो मऊ. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. बुंधा एक, मुळं एक, पाणी तेच, खत तेच, आणि एक हात पिकलेला नि दुसरा हात कच्चा. मी घड घेऊन घरी आले आणि आत्तींना विचारलं, तुम्ही दरवर्षी उजव्या ओलांड्याचाच काढता का. त्या म्हणाल्या, व्हय, देवाची फांदी हाय ती, त्याला म्हाईत हाय घड कुणासाठी पिकवायचा. त्यांच्या लेखी प्रश्न तिथंच संपला होता. माझ्या लेखी तो तिथनं सुरू झाला. आता मागं वळून बघते तर गंमत वाटते. इतकी वर्षं ती फांदी सगळ्यांच्या आधी पिकत होती आणि कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं, कारण तिचा घड सगळ्यांच्या आधी देवाकडं जायचा.

मामांना मी हे सांगितलं तर त्यांनी मान हलवली. मामा चांगले माणूस, बागेतला एकेक वाकडा खांब ओळखणारे, पण सुनेनं बागेवर बोलायचं हे त्यांच्या कानाला नवं. ते म्हणाले, विहिरीकडनं ऊन जादा लागतं. मी म्हटलं, ऊन तर दोन्ही हातांना सारखं. मग त्यांनी खरी भीती सांगितली. "पोरी, थकलेली फांदी आधी पिकती. ते पिकनं न्हवं, ते सुकनं हाय." आणि ते काही उगीच बोलत नव्हते. रोगट, मुळानं हललेली वेल घाईनं पिकते, हे मीही पुढं डोळ्यांनी पाहिलं. पण उजव्या ओलांड्याची पानं तजेलदार, काडी करंगळीसारखी जाड, मणी भरलेला. थकलेल्याचा चेहरा असा नसतो, एवढं मला कळत होतं. शेरडं राखलेलीला आजारी जनावर आणि आगाऊ जनावर वेगळं ओळखता येतं.

तिसऱ्या वर्षी मामांनी ठरवलं, बाग काढायची. वेली जुन्या झाल्या होत्या, उत्पन्न घटलेलं, आणि आजूबाजूला सगळे नव्या पद्धतीनं लावत होते. आधी रानटी द्राक्षाचा खुंट लावायचा, तो कसल्याही रानात, कमी पाण्यात तग धरतो. मग त्याच्यावर आपल्या गोड वेलीची काडी भरायची, म्हणजे कलम करायचं. खाली पाय रानट्याचे, वर डोकं गोडाचं. मामांनी माळावरच्या रानात खुंट लावून घेतले होते. काडी कडेगावकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडनं आणायचं ठरलेलं. आणि द्राक्षं निघाली की जुन्या बागेत ट्रॅक्टर घालायचा. म्हणजे देवाची फांदी चुलीत.

मी त्या रात्रीपासनं, खोटं कशाला सांगू, जेवले व्यवस्थित आणि झोपले पण व्यवस्थित, पण दिवसभर डोक्यात तेवढंच. ती फांदी एकदा तोडली की जगात कुठंच नाही. बी लावून यायची नाही, आमच्या द्राक्षाला बीच नाही. काडी जगली तर ती जगली. आधी पिकणारी बाग म्हणजे काय, हे मला तोवर कळलं होतं. माल बाजारात गर्दीआधी जातो, आणि अवकाळी ढग येण्याआधी बाग रिकामी होते. मामा ढग आले की पडवीत येरझाऱ्या घालत, ते मी बघितलं होतं. मी मामांना म्हटलं, नव्या रानात थोडी काडी हिची भरू. ते नको म्हणाले, रोग नव्या बागेत घालायचा नाही. आत्तींना म्हटलं, तर त्या तर उठूनच उभ्या राहिल्या. देवाच्या फांदीला कात्री लावायची, तिची कलमं करून माल विकायचा, देव काय पेठेत बसवायचा हाय का. सासू-सासरे तोवर एकमेकांच्या विरुद्ध बोलायचे, माझ्या बाबतीत पहिल्यांदाच एक झाले.

मग एका दुपारी आत्ती तांदूळ निवडत होत्या तेव्हा समोर बसून एवढंच विचारलं.

"आत्ती, बाग काढल्यावर देवाचा घड कुठनं आणायचा?"

त्यांचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, कौल लावू.

मला वाटलं देवळात जायचं. आमच्याकडं देवाच्या अंगाला उजवीडावीकडं फुलाच्या कळ्या लावतात, उजवी आधी पडली तर होकार. पण आत्ती म्हणाल्या, देवळात कशाला, देवानं उजवं-डावं वेलीवरच मांडून ठेवलंय की. दोन्ही ओलांड्यांची काडी घ्यायची, विहिरीपासनं लांब, माळावरच्या रानात शेजारशेजारच्या दोन ओळींत लावायची. गुण विहिरीचा असला तर तिथं काहीच आधी पिकायचं नाही. फांदी थकलेली असली तर रानट्याच्या मुळावर तिचा थकवा जाईल, मग मामाचं खरं. आणि उजव्या ओळीनं आधी पाणी धरलं तर देव फांदीतच हाय. सूप बाजूला ठेवून त्यांनी हे असं सांगितलं, आणि मी ऐकत राहिले. पुढं माझी थोरली कॉलेजात हेच शिकली. म्हणाली, आई, प्रयोगाला जोडीला बरोबरीचं दुसरं ठेवायचं असतं, नाहीतर कळत नाही कशानं काय झालं. मी म्हटलं, तुझ्या आजीनं ठेवलं होतं.

मामांचा आत्तींपुढं इलाज नव्हता. पण काडी भरायचा हंगाम पावसाळा सरताना, आणि ट्रॅक्टर आला मार्चअखेर. सगळी बाग निघाली, तारा गुंडाळल्या, खांब उपटले. त्या उघड्या रानात एकटी ती वेल, बाभळीच्या मेढींवर दोन्ही हात टेकून उभी. येणारा-जाणारा विचारायचा, ही कोण राहिली. मामा म्हणायचे, सुनंची मैतरीण. उन्हाळाभर मी तिला घागरीनं पाणी घातलं, शेरडं हाकलली, तिच्या बुंध्याला उसाचं पाचट पसरलं. मामा लांबनं बघायचे. एकदा वळवाच्या वाऱ्यानं उजव्या बाजूची मेढ कलली, मी भाकरी तव्यावर टाकून धावले, तर मामा माझ्या आधी तिथं पोचून मेढीला खांदा लावून उभे. काही बोलले नाहीत. मीही भाकरी करपली ते बोलले नाही.

कलमं भरायला यशवंतआण्णा आले. बौद्धवस्तीतले आण्णा आमच्या भागातले कलमांचे कारागीर. खुंट आडवा कापून मधे चिरायचा, काडीला खालनं पाचरीसारखं तासायचं, चिरेत बसवून वरनं पट्टी आवळायची, हे ते बोलता बोलता करायचे. आत्तींनी त्यांना कौलाचं सांगितलं. आण्णा सुरीला धार लावत म्हणाले, "वैनी, माजा काय कौलावर इश्वास न्हाई. पर दोनीकडची काडी लावायची ही गोष्ट लाखातली हाय." आत्ती म्हणाल्या, इश्वास नको ठेवू, पट्टी तेवढी घट बांध. आण्णांची एक सवय होती. काडी वाळू द्यायची नाही म्हणून ते बुंध्याकडनं टोकाकडं कापत जायचे आणि कापली त्याच क्रमानं ओल्या पोत्यात मांडून एकामागं एक भरत जायचे. उजव्या काडीच्या ओळीला मी लाल धडप्याच्या चिंध्या बांधल्या, डाव्या ओळीला पांढऱ्या. बाकी सगळं रान कडेगावच्या काडीचं. शेवटची काडी निघाली तशी मामांनी जुनी वेलही काढली. आता जे काही होतं ते त्या लाल चिंध्यांत होतं.

मग वाट बघणं. काडी फुटली, वर चढली, मांडवावर पसरली. पुढच्या वर्षी पहिली फळछाटणी झाली, घड आले. त्या थंडीत आमचे हे सुट्टीवर होते. माझं ध्यान कुठं आहे हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. म्हणाले, बॉर्डरवर आम्ही एवढी टेहळणी करत नाही. मी रोज सकाळी त्या रानात जायची आणि रोज टणक गोट्या दाबून परत यायची.

ती सकाळ आठवते. दव पडलं होतं, मांडवाखाली पाय भिजत होते. मी लाल ओळीच्या पहिल्या वेलीचा मणी दाबला. टणक. दुसरीचा, टणक. तिसरी, चौथी, पुढची, सगळ्या टणक. शेजारची पांढरी ओळही टणकच. जुन्या फांदीला आदल्या सालांत या दिवसांत पाणी उतरलेलं असायचं. मला कळून चुकलं की मामाच खरे होते, विहिरीचं ऊन होतं नाहीतर थकवा होता, आणि ओळीभर चिंध्या आता आख्ख्या गावाला दिसतील. मी तशीच पुढं चालत गेले, दाबायचं म्हणून दाबत. ओळीच्या मध्याच्या अलीकडं एका वेलीचा मणी बोटात दबला. मी हात मागं घेतला, वाटलं नख लागलं. दुसरा घड धरला. मऊ. तिच्या पुढची वेल, मऊ. तिच्याही पुढची, मऊ. तिथनं पार बांधापर्यंत लाल चिंधीची एकेक वेल मऊ, मण्यातनं उजेड जाणारी, आणि हाताच्या अंतरावर पांढरी ओळ अजून दगड. मी बांधावरनं उलटी परत आले, पुन्हा गेले. मधली ती वेल जणू उंबरा होता. अलीकडं कच्चं, पलीकडं पिकलेलं.

मी हाका मारल्या तसे सगळे आले. मामा एकेक मणी दाबत गेले, टोपी काढून काखेत धरली. आण्णा शेजारच्या बागेत होते, तेही आले. पहिल्या वेली का मागं राहिल्या हे कुणालाच कळेना. आण्णा म्हणाले, मी बुंध्याकडनं कापत आलो होतो, पयल्या वेली बुंध्याजवळच्या काडीच्या. आत्ती कमरेवर हात ठेवून ओळीच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी एकदा अलीकडं बघितलं, एकदा पलीकडं, आणि अगदी सहज म्हणाल्या,

"म्हंजी देव फांदीच्या मधनंच वस्तीला आलता की."

आण्णासुद्धा हसले. पण तेच खरं होतं. थोरली सांगते, वेल वाढताना कधीतरी एखाद्या डोळ्यात, म्हणजे फुटव्याच्या कोंबात, जनुकात आपसूक फरक पडतो, आणि तिथनं पुढं जेवढी फांदी वाढते तेवढीत तो उतरतो, मागच्या भागात नाही. आमच्या ओलांड्याला तो मधेच पडला. आत्ती हात लांब करून पुढचाच घड काढायच्या, म्हणून बुंध्याकडच्या कच्च्या घडांकडं कुणी बघितलंच नव्हतं. आणि आण्णांनी क्रमानं भरलेली ती ओळ म्हणजे आख्खी फांदीच रानात उलगडून ठेवल्यासारखी झाली होती. पिकायचं म्हणजे काय हेही ती सांगते. आंबा आढीत घातला तर पिकतो, द्राक्ष तोडलं की होतं तिथंच राहतं, जे काय पिकायचं ते वेलीवरच. मण्यातला आंबटपणा कमी करणारी, साखर ओढून घेणारी, साल मऊ करणारी अशी कितीतरी जनुकं आत हजर असतात, पण गप्प बसून. त्यांना उठवणारी दुसरी असतात. ती जागी झाली की बाकीची कामाला लागतात. मला हे लगेच पटलं. जत्रेच्या दिवशी आमच्या घरी पुरण शिजलेलं, कणीक मळलेली, सगळ्या बायका चुलीभोवती बसलेल्या, पण आत्तींनी हं म्हटल्याशिवाय पहिली पोळी तव्यावर पडायची नाही. त्या फांदीतल्या आत्ती इतरांपेक्षा आधी हं म्हणायच्या, एवढंच. नेमकं कुठलं जनुक ते थोरलीला सांगता येत नाही, कारण आमच्या वेलीची तशी तपासणी कुणी केली नाही. मलाही त्याचं अडत नाही.

त्या वर्षी देवापुढं घड ठेवल्यावर आत्तींनी प्रसादाचा पहिला मणी दरवर्षीसारखा मामांना दिला नाही, मला दिला. मी चावून खाल्ला.

पुढच्या हंगामापर्यंत बातमी पसरली. लोक त्या द्राक्षाला आगाप, म्हणजे आधी येणारं, म्हणायला लागले, आमच्या चारपाच गावांत अजून म्हणतात. पावसाळा सरला आणि काडी मागायला माणसं यायला लागली. एका सकाळी पडवीत बरीच मंडळी बसली होती, धोतरवाली, पँटवाली, मोटारसायकली दारात. मी आतनं चहा पाठवत होते. त्यातले एक वयस्कर बागायतदार मामांना म्हणाले, आबा, आम्हाला आगापची काडी पायजे, कुठली घ्यायची, किती डोळ्यांची, जरा सांगा. मामांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मला काय इचारतायसा? काडी तिची हाय. तिला इचारा."

आत्तींनी आतनंच माझ्या हातातली किटली काढून घेतली आणि मला दाराकडं ढकललं. मी बाहेर आले. तेवढ्या पुरुषांसमोर तोवर मी कधी उभी राहिले नव्हते. म्हटलं, बुंध्याकडची घेऊ नका, ती साधी निघंल, मधनं पुढची घ्यायची, चला दाखवते. खुंटीवरची कात्री घेतली, पदर खोचला आणि निघाले. आमच्याकडं तेव्हा बाईमाणसानं पुरुषांच्या मागनं चालायचं असायचं. त्या सकाळी बांधावरनं मी पुढं होते, माझ्यामागं सगळे बागायतदार, आणि सगळ्यांच्या मागनं मामा.